गॅलरीतला धक्का



मे महिन्यात आपल्या यवतमाळात पारा 44-45 वर जातो. आईंना (सासूबाई) डॉक्टरांनी गारव्यात ठेवायला सांगितलं होतं. कूलर त्यांना नको, साठवलेल्या पाण्यात जीव पडतात म्हणून. एसीतही तेउकायाची विराधना आहेच, पण नाइलाज होता.

एसी जुना, एक टनाचा. 27 वर लावलेला. दर दहा-बारा मिनिटांनी बाहेरचं मशीन बंद होताना असा धक्का द्यायचं की गॅलरीची जाळी वाजायची. आईंच्या 48 मिनिटांच्या सामायिकात चार वेळा धडाम! मी मात्र कानाडोळाच केला.

मग एका सकाळी गॅलरीत फुटलेलं अंडं दिसलं. वर पाहिलं तर मशीनखालच्या लोखंडी अँगलवर होल्यांनी चार काड्यांचं घरटं केलेलं. मादी दुसऱ्या अंड्यावर बसून होती. अंडं धक्क्याने पडलं की वाऱ्याने, कोण सांगणार? आई एवढंच म्हणाल्या, "अगं, आवाज तर आपण रोज ऐकत होतो ना." दोघींनी मिच्छामि दुक्कडं म्हटलं. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

एसीवाला म्हणाला, "वहिनी, घरटं काढून टाका, पाच मिनिटांत करून देतो." मी नाही म्हटलं. मग त्याने कारण समजावलं. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग कमी करत थांबतो. आमच्यासारख्यात पूर्ण वेगात असतानाच वीज तुटते. पुढे गॅसचा दाब मोठा असतो, त्याविरुद्ध तो एकदम अडतो आणि सगळं अंग हिसका देतं. तो हिसका रबरात जिरायला हवा. आमची रबरं उन्हाने दगड झाली होती, एक तर गायबच. पण ती बदलायची तर मशीन उचलावं लागणार, आणि घरटं नेमकं खाली.

मग धक्केच कमी करायचे ठरलं. त्याने उलटाच उपाय सांगितला: एसी 20 वर लावा. बाहेर 44 असताना हे जुनं मशीन 20 गाठतच नाही, म्हणून मध्ये थांबतही नाही. दुपारी बाराला सुरू, सहाला बंद. दिवसातून एकच धक्का. संध्याकाळी खिडकीला ओला पडदा आणि पंखा. सामायिक आईंनी पहाटेवर नेलं. त्या महिन्याचं वीजबिल पाहून हे काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

पिल्लू निघालं, पंधरवड्याने उडालं. घरटं रिकामं असल्याची दोन दिवस खात्री केली, मग दादाला बोलावलं. चारही रबरं नवी बसवली, ढिले नट आवळले, भिंतीला टेकलेली तांब्याची नळी जरा दूर केली. आता बंद होताना 'धप्' होतं, मग गॅसची हलकी 'सुस्स'. जाळी वाजत नाही.

होल्यांची जोडी यंदा परत आली आहे. या वेळी मीटरच्या पेटीवर.