हातावर चीर कशाला?

प्रिय मित्रा,

काकांच्या बायपासची तारीख ठरल्याचं वाचलं. तू मेलबर्नला, ते पुण्यात. जीव टांगणीला लागणारच. ‘पायाची शीर काढतात ना, मग हातावर चीर कशाला?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र धीर देणारं आहे.

पायाची शीर काढायला सोपी आणि लांबही भरपूर मिळते. पण तिला सवय कमी दाबाची. हृदयावर जोडली की धमनीचा दाब तिला सोसत नाही. दहा वर्षांत अशा जवळजवळ निम्म्या शिरा तुंबतात. छातीच्या आतून उतरणारी मॅमरी धमनी दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत वाहती सापडते. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडत राहतं, म्हणून ती सैल राहते, चरबी सहजी धरत नाही.

लेनिनग्राडच्या वासिली कोलेसोव यांनी 1964 मध्येच ती टाके घालून हृदयाला जोडली होती. पण 1967 पासून क्लीव्हलँडच्या रेने फावालोरोंमुळे पायाची शीर रूढ झाली. 1986 मध्ये क्लीव्हलँडहूनच दहा वर्षांचा हिशेब आला, मॅमरीवाले रुग्ण जास्त जगतात हे दिसलं, तेव्हा कुठे बहुतेक सर्जन वळले. मधल्या वर्षांची मला फार हळहळ वाटते.

काकांना मधुमेह आहे. दोन्ही बाजूंच्या मॅमरी काढल्या तर छातीचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो, म्हणून दुसरी धमनी मनगटातली, रेडियल. पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी ती 1971 मध्ये वापरली आणि आकसते म्हणून सोडून दिली. पुढे काही जुन्या रुग्णांत ती चक्क वाहती आढळली, आणि तिथल्याच सर्जननी ती पुन्हा हाती घेतली. आता आकसू नये म्हणून औषधं देतात. तरीही ती मोठ्या ब्लॉकेजच्या पुढेच लावावी. अर्धवट तुंबलेल्या जागी मूळ प्रवाहापुढे तिचा टिकाव लागत नाही.

हाताचं काय, तर करंगळीच्या बाजूला दुसरी धमनी असते. डॉक्टर मूठ आवळायला सांगून मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबतात. मूठ उघडली की तळवा पांढराफटक. मग करंगळीकडचा दाब सोडतात; काही सेकंदांत तळवा गुलाबी झाला की रेडियल काढायला हरकत नाही.

आजच काकांना फोन करून सांग: ज्या हातातून रेडियल काढणार, त्या हाताला सुई, सलाईन लावू देऊ नका. आणि अँजिओग्राफी कुठल्या मनगटातून झाली तेही सर्जनना आधीच सांगा. तिथली धमनी शक्यतो घेत नाहीत.

तुझा मित्र