नैनी तलावाचा वार्षिक श्वास

जूनमधली दुपार. नैनीतालच्या काठावर पर्यटकांची वर्दळ असते, पाण्यावर नावा संथ फिरत असतात. शोधकार्यासाठी बुडी घेणाऱ्या पाणबुड्याला मात्र या तलावाची दुसरीच ओळख होते. वरचे पाणी २० अंश सेल्सिअसहून अधिक, सुखावणारे. काही मीटर खाली जाताच चेहऱ्याला एकाएकी गारठा झोंबतो आणि समोरचे दृश्य क्षणभर थरथरते. कारण उबदार व थंड पाण्यातून प्रकाश सारखा वळत नाही. ही सीमा म्हणजे थर्मोक्लाइन. तिच्याखाली, सुमारे २७ मीटर खोल तळापर्यंत, सरलेल्या हिवाळ्याचे पाणी अजून मुक्कामाला असते.

येथे शरीराची कसोटी लागते. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. उबेसाठी घातलेल्या निओप्रीनच्या पोशाखातले सूक्ष्म बुडबुडे दाबाने आक्रसतात. म्हणजे थंडी वाढते तिथेच पांघरूण पातळ होते. तलाव समुद्रसपाटीपासून १९०० मीटरहून उंच असल्याने वरचा वायुदाबही सुमारे एक पंचमांशाने कमी. समुद्रात २० मीटरवरून वर येताना दाब एक तृतीयांशावर येतो. येथे तो जवळजवळ साडेतीन पटींनी घटतो. म्हणून समुद्रासाठी केलेली बुडीची कोष्टके येथे जशीच्या तशी चालत नाहीत.

पण त्या गारठ्याचा अर्थ पाणबुड्यापुरता मर्यादित नाही. उबदार पाणी हलके, थंड पाणी जड. त्यामुळे उन्हाळाभर दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. वरून मेलेले शैवाल खाली पडत राहते, ते कुजताना तळचा प्राणवायू संपतो आणि नवा पोहोचत नाही. माणूस पाठीवर हवा बांधून जिथे उतरतो, तिथे माशाला श्वास घेता येत नाही. हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन खाली बसते, तेव्हाच सारा तलाव ढवळला जातो. हा त्याचा वर्षातला एकमेव दीर्घ श्वास. मात्र तळ फार दूषित झाला असेल, तर हेच मिश्रण माशांच्या जिवावर उठते. म्हणून २००७ पासून नळ्यांवाटे तळाशी हवा सोडण्यात येऊ लागली.

हवामान तापत जाते तसे जगभरातल्या अनेक तलावांत उन्हाळी थर अधिक काळ टिकू लागले आहेत. ज्या शहराची तहान या तलावाशी बांधलेली आहे, त्याला ही गोष्ट परकी नाही. पाणबुड्या वर येतो, पोशाख उतरवतो, उन्हात बसतो. घटकाभरात त्याची हुडहुडी थांबते. तलावाला मात्र पुढच्या हिवाळ्याची वाट पाहावी लागते.