जोडचित्र पाहताना

आपल्या धर्मग्रामात कोणी काही करून दाखविले की आपण बहुधा दोनच प्रकारे बोलतो. करणाऱ्याच्या तोंडावर ‘छान झालंय हो’ म्हणतो आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना शेजाऱ्याच्या कानात त्यातले दोष मोजून दाखवितो. प्रवचनाच्या वाट्याला हेच येते, गायनमंडळाच्या वाट्याला हेच येते आणि नाताळच्या गोठ्याच्या वाट्यालाही हेच. अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे आमच्या मुलामुलींनी संगणकावर वा मोबाईलवर तयार केलेली जोडचित्रे. एका छायाचित्रातील माणूस उचलून दुसऱ्या छायाचित्रात ठेवायचा, मागचे आकाश बदलायचे, पडकी भिंत पुन्हा उभी करायची. सणाची पत्रिका असो, पहिल्या कम्युनियनचे आभारपत्र असो, की दिवंगताच्या स्मरणार्थ छापलेले कार्ड असो, अशा चित्रावाचून ते आता पुरे होत नाही. मला छायाचित्रणाचे वेड आहे हे गावाला ठाऊक असल्याने ही मुले चित्र घेऊन माझ्याकडे येतात. ‘फादर, कसं वाटतं?’ एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

प्रथम एक पूर्वग्रह दूर करावयास हवा. आमच्यातील वडीलधारी मंडळी अशा चित्राकडे पाहून ‘हे काय, सगळं खोटं!’ म्हणतात आणि तेथेच विषय संपवितात. छायाचित्रात फेरफार करणे ही काही संगणकाची देणगी नव्हे. फोटोशॉप ही आज्ञावली १९९० साली बाजारात आली. त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षे हे काम काचेच्या निगेटिव्हवर, कात्रीने आणि कुंचल्याने चालत होते. सेमिनरीत असताना मी डार्करूममध्ये काम करण्यास शिकलो. एनलार्जरच्या प्रकाशात तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती हलवीत चेहरा उजळ ठेवायचा आणि हाताची ओंजळ करून आकाश गडद करायचे, हा आमचा नित्याचा उद्योग होता. ‘डॉज’ आणि ‘बर्न’ अशी त्याची इंग्रजी नावे. आज फोटोशॉपच्या पट्टीवर त्याच नावांची दोन साधने असून त्यांच्या चिन्हांत ती काठीवरची चकती आणि तो हात अजूनही आहे. मुलांना हे सांगितले की त्यांना मोठी गंमत वाटते.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. राजस्थानातील नाथद्वारा येथे यात्रेकरूंचे छायाचित्र काढून त्यातील चेहरा कापून घेत व श्रीनाथजींच्या पूजेच्या रंगविलेल्या चित्रात चिकटवीत; अंगावरचे कपडे चित्रकार रंगवून पुरे करी. हे चेहरे चिकटविलेले आहेत हे घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे. तेथे फसवणूक नव्हती, भक्ती होती.

या कलेच्या आरंभीच्या काळातील एका माणसाची हकीकत मी मुलांना आवर्जून सांगतो. ऑस्कर रेयलँडर हा जन्माने स्वीडिश, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला छायाचित्रकार. १८५७ साली त्याने तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाच्या नावाचे एक भव्य चित्र सिद्ध केले. मध्ये एक वृद्ध, त्याच्या दोन बाजूंना दोन तरुण. एक सद्गुणांकडे वळलेला, दुसरा विलासाकडे ओढला जाणारा. आपल्या जुन्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात शोभावे असेच ते चित्र आहे. मँचेस्टरच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. पण त्यातील विवस्त्र आकृत्यांवरून वादळ उठले. काही टीकाकारांना तर छायाचित्र असे जुळवून करावे हेच मान्य नव्हते. इतक्या निगेटिव्हमधला प्रकाश एकमेकांशी कसा जमविला, कोठे जमला आणि कोठे फसला, याविषयी त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. दोन वर्षांनी रेयलँडरने त्याच मार्गाने जाणाऱ्या हेन्री पीच रॉबिन्सनला पत्र लिहून जोडचित्रांना आपण कंटाळल्याचे कळविले. त्यातून लाभ नाही आणि मानही नाही, असा त्याचा सूर होता. त्याला टीका नको होती असे मला वाटत नाही. त्याच्या चित्राकडे पाहून केलेली टीका त्याच्या वाट्याला फार थोडी आली.

सेमिनरीत प्रवचनाचा सराव असे. एकाने उभे राहून बोलायचे, बाकीच्यांनी ऐकून मत द्यायचे. आम्ही तरुण होतो, जिभेला धार होती. एखाद्या सोबत्याचे प्रवचन सोलून काढण्यात आम्हांला मौज वाटे. आमचे अध्यापक सगळ्यांचे बोलणे संपेपर्यंत गप्प राहत आणि मग प्रवचन करणाऱ्याला एकच विचारीत, ‘शेवटच्या बाकावरच्या म्हातारीने यातले काय घरी न्यावे असे तुला वाटत होते?’ त्याने उत्तर दिले की ते आमच्याकडे वळून म्हणत, ‘आता बोला.’ आणि गंमत अशी की आमच्या पूर्वीच्या शेऱ्यांपैकी निम्मे मग बोलण्याजोगे उरत नसत.

पुढे संत इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक साधना अभ्यासताना त्या प्रश्नाचे मूळ सापडले. साधनेच्या आरंभीच संतांनी एक अट घातली आहे. दुसऱ्याचे म्हणणे धिक्कारण्याऐवजी त्याचा चांगला अर्थ लावण्यास ख्रिस्ती माणसाने अधिक उत्सुक असावे; तसा अर्थ लागत नसेल तर त्याला काय म्हणायचे आहे ते विचारावे; आणि तो चुकत असेल तर त्याला प्रेमाने सुधारावे. ही पायरी साधक आणि त्याचा मार्गदर्शक यांच्यासाठी आहे. परंतु एखाद्या पोराने रात्र जागवून केलेल्या चित्रापुढे बसताना मला ती तंतोतंत उपयोगी पडते. तिच्यात सुधारणे गाळलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे. ‘छान’ म्हणून वाटेला लावणे हा चांगला अर्थ लावणे नव्हे. तो आपला वेळ वाचविणे होय.

एका वर्षी आमच्या युवक मंडळाने सणाच्या निमित्ताने चित्रांचे छोटेसे प्रदर्शन मांडले. त्यात एका मुलाचे जोडचित्र होते. वसईच्या किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चचे भग्न अवशेष आणि त्यात आजची आमची मिरवणूक. पुढे क्रूस, मागे लाल लुगडी नेसलेल्या आज्या. लोक येत, ‘वा!’ म्हणत आणि पुढे जात. पण चित्रात काही तरी बिनसले आहे हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होते. प्रभूने मत्तयलिखित शुभवर्तमानात भावाची चूक त्याला एकांतात दाखविण्यास सांगितले आहे. प्रदर्शन संपल्यावर मी त्याला चित्र घेऊन ऑफिसात बोलाविले व विचारले, ‘बाळा, हे कशासाठी केलंस?’ तो म्हणाला, ‘फादर, १७३९ च्या आधी आमचे पूर्वज इथंच मिस्सेला येत असतील ना? त्यांचे फोटो नाहीत. म्हणून आम्हीच आत जाऊन उभे राहिलो.’

हे उत्तर ऐकल्यावर बोलणे सोपे झाले. मी म्हटले, ‘मग तुम्ही खरोखर आत गेलेले दिसले पाहिजे.’ काळपट दगडावरचा लुगड्यांचा लाल रंग फार उत्तम साधला होता. ते मी आधी सांगितले, कारण तो त्याने हलवू नये अशी माझी इच्छा होती. मग त्याला सावल्या पाहायला लावल्या. मनोऱ्याची सावली लांब आणि एका बाजूला पडलेली, म्हणजे छायाचित्र सकाळचे. आज्यांच्या सावल्या त्यांच्या पायांखाली गोळा झालेल्या, म्हणजे भर दुपारच्या. मनोरा त्याने गुडघ्यावर बसून टिपलेला आणि मिरवणूक उभ्याने. त्यामुळे माणसे जमिनीवर चालण्याऐवजी तरंगत होती. तो बराच वेळ पाहत राहिला. ‘संगणकावर सावल्या लांब करू का?’ त्याने विचारले. करता येतात, पण चेहऱ्यावरचा दुपारचा प्रकाश तसाच राहतो आणि डोळा फसत नाही. शेवटी तो सकाळी सातला पुन्हा किल्ल्यात गेला आणि चार आज्यांना सोबत घेऊन गेला. त्या आज्यांनी मला नंतर त्याबद्दल बरेच सुनावले, ते असो.

चुका मी दाखवण्यापेक्षा मुलांनी स्वतः पाहाव्यात यासाठी काही जुन्या युक्त्या आहेत. चित्र आरशातल्यासारखे उलटे करावे. रोज पाहून सवय झालेली नजर त्यामुळे दचकते आणि झुकलेली भिंत लगेच दिसते. रंग काढून कृष्णधवल करावे. मग परका माणूस भोवतालच्यांपेक्षा उजळ वा काळा आहे का ते कळते. चित्र टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहावे. एवढे करूनही काही सांगायचे उरले तर एका बैठकीत मी दोन गोष्टींपलीकडे जात नाही. दहा दोष एकदम ऐकलेले मूल घरी जाऊन एकही दुरुस्त करीत नाही, हा माझा अनुभव आहे.

मात्र कधी कधी चित्र कसबाने केलेले असते आणि बोलायचे असते ते हेतूविषयी. १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकविले. जोड बेमालूम होता. पण ते मासिक जग जसे आहे तसे दाखविते अशी वाचकांची श्रद्धा होती आणि तिला तडा गेला. मार्च २०२३ मध्ये पांढरे फुगीर जाकीट घातलेल्या पोप फ्रान्सिस यांचे चित्र जगभर फिरले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेले होते आणि कित्येक भल्या माणसांनी ते खरे मानले. आपणही अशा चित्रांचा विषय झालो होतो, याचा उल्लेख पोपमहोदयांनी २०२४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात केला. असे चित्र कोणी माझ्यापुढे ठेवले, तर सावली कोठे पडली आहे हे सांगण्यापूर्वी, पाहणाऱ्याला हे जोडलेले आहे हे कळणार आहे का, असे मी विचारतो. तेथे नुसते कसब सुधारून देणे म्हणजे खोट्याला इस्त्री करून देण्यासारखे आहे.

हे दोन्ही प्रश्न एकाच चित्रात माझ्यापुढे आले ते गेल्या वर्षी. एका तरुणाचे वडील बहिणीच्या लग्नाच्या आठ महिने आधी प्रभूघरी गेले. लग्नाच्या समूहचित्रात आईच्या शेजारी वडील उभे असावेत अशी आईची इच्छा. त्याने ओळखपत्रावरचा फोटो घेऊन त्यांना दुसऱ्या रांगेत उभे केले. नातेवाईकांनी पाहून डोळे पुसले आणि ‘अगदी हुबेहूब’ म्हणाले. त्या घरात यापेक्षा वेगळे कोण काय बोलणार? पण तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘फादर, कोणी खरं सांगत नाही. हे दिवाणखान्यात लागणार आहे. तुम्ही सांगा.’

मी दार लोटून घेतले आणि सांगितले. मंडपातला प्रकाश पिवळा आणि उजवीकडून. वडिलांच्या चेहऱ्यावर स्टुडिओतला पांढरा प्रकाश समोरून. केसांभोवती मूळच्या पांढऱ्या पडद्याची बारीक किनार राहिलेली. डोके आईच्या डोक्याहून किंचित मोठे. लहान फोटो वाढविल्याने चेहरा भुरकट, आणि तो धारदार करण्याच्या नादात अधिकच कातरलेला. एका बैठकीत दोनच गोष्टी सांगण्याचा माझा नियम मी येथे मोडला, कारण त्याने सारे मागितले होते. ‘चेहरा धारदार करण्यापेक्षा सगळ्या चित्रालाच थोडा कण दे,’ मी म्हटले, ‘म्हणजे ते एकटे जुने दिसणार नाहीत. आणि त्यांची सावली आईच्या खांद्यावर थोडी पडू दे.’ मग दुसरे विचारले, ‘पन्नास वर्षांनी तुझी नातवंडं हे पाहून काय समजतील?’ तो गप्प झाला. चित्राच्या मागे वडिलांच्या मृत्यूची आणि लग्नाची अशा दोन्ही तारखा लिहायच्या, आणि हे चित्र जोडलेले आहे असेही लिहायचे, असे आमचे ठरले.

पंधरा दिवसांनी तो नवे चित्र घेऊन आईसह आला. काम फार सुरेख झाले होते. मला बोट ठेवायला जागा सापडेना. आईने चष्मा लावून चित्र जवळ घेतले, दूर धरले, पुन्हा जवळ घेतले.

‘फादर, ह्यांनी वरचं बटण कधी लावलंच नाही,’ ती म्हणाली. ‘मिस्सेला सुद्धा नाही. तो फोटोवाला म्हणाला होता म्हणून त्या दिवशी लावलं.’

मुलाने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे. सध्या तो ते बटण उघडीत बसला आहे. उघड्या गळ्याशी उन्हाने रापलेल्या मानेचा रंग कोणता घ्यावा, हे विचारायला तो काल संध्याकाळी आला होता. मी त्याला आईकडे पाठविले.