रागवा, पण स्वयंपाकघरात!

माझी मावसबहीण ठाण्यातल्या एका चकाचक शाळेत शिकवते. एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड, गेटवर हसऱ्या मुलांचं मोठ्ठं होर्डिंग. गेल्या महिन्यात पालकसभेत प्रिन्सिपल मॅडमनी तिला सगळ्या पालकांसमोर झापलं. कारण काय, तर वह्या तपासायला दोन दिवस उशीर! रात्री तिचा फोन. ‘‘तायडे, राजीनामा टाकतेय मी. उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू गं?’’

तुमच्या-माझ्या ऑफिसात हे रोजचंच म्हणा. ‘रिप्लाय ऑल’ मारून इज्जत काढणारा बॉस कुणाला भेटलेला नाही? पण आपल्या डेस्कसमोर सहा वर्षांची चाळीस पोरं बसलेली नसतात. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला बहीण एका पोरावर पेन्सिल हरवली म्हणून खेकसली. तिनेच सांगितलं, रडवेल्या आवाजात. मुलांना मारण्यावर आणि मानसिक त्रास देण्यावर २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. स्टाफरूममधली हवा मात्र कुठलाच कायदा ठरवत नाही. ती ठरते हेडमास्तरांच्या केबिनमध्ये.

मला आठवले कोबायाशी सर. तेत्सुको कुरोयानागीच्या ‘तोत्तोचान’मधले. पुस्तक १९८१ सालचं, मराठीतही आलंय, आणि बीएडवाल्या बहुतेक मित्रमैत्रिणींच्या शेल्फवर असतंच. १९३७ साली तोक्योत सोसाकू कोबायाशींनी सुरू केलेली तोमोए शाळा. वर्ग म्हणजे रेल्वेचे जुने डबे! पहिल्या शाळेने काढून टाकलेली चिमुरडी तोत्तो तिथे आली, तेव्हा सरांनी पहिल्याच भेटीत तब्बल चार तास तिची बडबड ऐकून घेतली. (आपल्या एचआरला चार मिनिटं मिळत नाहीत, जाऊ दे.)

ते डबे बघून सगळे हरखतात. मला मात्र त्यातला एक छोटासा प्रसंग सगळ्यात भारी वाटतो. वर्गात ताकाहाशी नावाचा मुलगा होता. त्याची उंची वाढणार नव्हती. माणसाला पूर्वी शेपूट असायची, हे शिकवताना बाईंनी गमतीत त्यालाच विचारलं, तुला आहे का रे शेपूट? सर भयंकर संतापले. त्या मुलाला काय वाटलं असेल, एवढं एकच त्यांना खात होतं. पण बाईंना त्यांनी रागावलं कुठे? इतर शिक्षकांसमोर नाही, मुलांसमोर तर नाहीच. स्वयंपाकघरात! तोत्तोच्या कानावर ते पडलं, म्हणून तर आपल्याला कळलं.

बघा, चूक पोटात घातली नाही. बाईंना सरळ सुनावलं. पण मुलाचा मान राखताना बाईंचाही राखला. याच सरांनी शाळेच्या क्रीडादिनाचे खेळ असे आखले होते, की ठेंगणा ताकाहाशी शर्यतींत पहिला यायचा. बक्षीस काय? भाज्या! अशा शाळेत ‘पॉझिटिव्ह कल्चर’चं वर्कशॉप घ्यावं लागत नाही. आपल्याकडे आधी वर्कशॉप होतं, मग फोटोसेशन, आणि सोमवारी पुन्हा असेंब्लीत माइकवरून आरडाओरडा. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तोमोए जळून गेली. जेमतेम आठ वर्षांची शाळा, पण तिथली पोर म्हातारपणीही सरांबद्दल लिहितेय. पुस्तकाचा दुसरा भाग २०२३ मध्ये जपानीत आला.

पुस्तक मी कुरियरने बहिणीला पाठवलं. मॅडमना भेट दे, असा आगाऊ सल्लाही दिला. ती म्हणाली, ‘‘वेडी आहेस का? लायब्ररीत लावून टाकतील आणि वर फोटो काढतील!’’ राजीनामा अजून तिच्या ड्राफ्टमध्येच पडलाय. होम लोनचा हप्ता आहे ना!

दरम्यान डोंबिवलीतल्या एका शाळेतून तिला इंटरव्ह्यूचा कॉल आलाय, शनिवारी. पगार दोन हजारांनी कमी. काल रात्री तिने विचारलं, ‘‘तायडे, इंटरव्ह्यूत मी पण प्रश्न विचारू शकते ना गं?’’

‘‘विचार की. काय विचारणारेस?’’

‘‘तुमच्याकडे टीचरना कुठे रागावतात?’’