साठवायचं, पण सांगून

घरातलं माणूस हात सोडून खर्च करत असेल, तर बाईनं त्याच्या नकळत चार पैसे बाजूला टाकावेत, असं माझं ठाम मत होतं. ते मला आईकडून मिळालं, तिला तिच्या आईकडून. अडीनडीला तोच पैसा उभा राहतो हे लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे त्याबद्दल कधी शंका आली नाही. आज ते मत माझं राहिलेलं नाही. साठवायचं तर आहेच, पूर्वीपेक्षा जास्तच. पण घरात सांगून, आणि कुणी मागितलं तरी सहज काढता येणार नाही अशा ठिकाणी. लपवून साठवणाऱ्या बायका माझ्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरची द्राक्षबाग आहे, ती आमचे हे बघतात. द्राक्षाच्या भागात ज्यांनी संसार केलाय त्यांना ठाऊक आहे की इथं घरात पैसा दोन चालींनी येतो. पगार महिन्याला. बागेचा पैसा वर्षातून एकदा. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग थंडीभर डाऊनी आणि भुरीच्या धास्तीनं फवारण्या. औषधं दुकानातून उधारीवर येतात, मजुरी मात्र रोख द्यावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. दर पडलेला असेल तर बेदाणा करायचा, कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, सौद्यात विकला गेला की अडत्याची पट्टी हातात येते. त्या पट्टीवरचा आकडा लाखांत असतो. त्यातून दुकानाची उधारी, सोसायटीचं पीककर्ज आणि पुढच्या छाटणीचं भांडवल वजा केलं तर उरतं ते थोडं, आणि ते बारा महिने पुरवायचं असतं. मध्येच एक गारपीट किंवा अवकाळी आला की तेही नाही.

ह्यांना कसलं व्यसन नाही. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाहीत. ह्यांचा खर्च माणसांवर होतो. भाच्याच्या लग्नात मामाचा आहेर उठून दिसला पाहिजे, जत्रेला आलेला पाहुणा रिकाम्या पोटी जाता कामा नये, मित्राचा ट्रॅक्टर अडला तर पहिला हप्ता आपण भरायचा. पट्टी आली की पंधरवडाभर घरात सण असतो. अशा माणसाला गावात मान असतो, आणि त्याला ‘नको’ म्हणणारी बायको कोत्या मनाची ठरते. ते मला ठरायचं नव्हतं. मग मी आईचा रस्ता धरला.

महागाई भत्त्याचा फरक मिळाला की घरी सांगायची नाही. शिक्षकांच्या सोसायटीत आवर्त ठेव लावली होती, ती पगारातूनच कापून जायची. कपात पगारपत्रकावर दिसत होती, पण ते घरात माझ्याशिवाय कुणी वाचत नव्हतं. औषध दुकानाचा माणूस उधारीसाठी ओसरीवर येऊन बसला की मी आतून पैसे आणून द्यायची आणि ह्यांना सांगायची, “भावानं दिलेत, सवडीनं परत करू.” त्यामुळे ह्यांच्या हिशोबात तूट अशी कधी आलीच नाही. आहेर केला, जत्रा केली, मित्राला दिले, तरी दरवर्षी कुठूनतरी भागतंच, हा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. ज्याला तूट कधी दाखवलीच नाही त्याला उधळा म्हणणं न्यायाचं नाही, असं मला आता वाटतं. लपवलेल्या पैशानं घर तगतं हे खरं. पण त्या पैशानं खर्च करणाऱ्याच्या डोळ्यांवरचा पडदा आणखी जाड होतो, हेही तितकंच खरं.

हे माझ्या ध्यानात यायला नोटबंदी यावी लागली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, “शाळा सुटली की सरळ इकडं ये. कुणाला बोलू नको.” ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली, जुन्या लुगड्याच्या घडीत आणि तांदळाच्या डब्यात मिळून ४३,००० रुपये निघाले. शेंगा विकून, अंडी विकून, माहेरच्या ओवाळणीतून साठवलेले. नोटा ३० डिसेंबरच्या आत बँकेत भरायच्या होत्या. आईचं खातं होतं, पण बँकेचे सगळे व्यवहार माझे वडील, अण्णाच करायचे. म्हणजे अण्णांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अण्णा चिडतील अशी आईला भीती होती. ते चिडले नाहीत. नोटा समोर घेऊन बराच वेळ गप्प बसले. आदल्या वर्षी बोअर मारायला त्यांनी एकाकडून ६०,००० रुपये शेकडा तीननं आणले होते. महिन्याला १,८०० रुपये नुसतं व्याज जात होतं, आणि ते द्यायला अण्णा त्याच्या दारात उभे राहत होते. ते एवढंच म्हणाले, “मला सांगितलं असतंस तर मी त्याच्या दारात गेलो नसतो.” आई म्हणाली, “सांगितलं असतं तर पहिल्याच वर्षी संपले असते.”

दोघांचंही खरं होतं. त्या दोन वाक्यांनी मला बरीच वर्षं सोडलं नाही. आईचा पैसा डब्यात पडून होता, त्याला एक पैसाही व्याज नव्हतं, आणि त्याच छपराखाली अण्णा वर्षाला छत्तीस टक्के भरत होते. तरीही आईनं तो उघड ठेवला असता तर उरला नसता. मग बाईनं करायचं काय?

याचं उत्तर मला आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात मिळालं. तिथं गावातल्या बचत गटाची महिन्याची बैठक भरते. नाबार्डनं १९९२ साली गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून हे चालत आलंय. गावोगाव असे गट आहेत आणि आपल्याला त्यांची इतकी सवय झालीय की त्यात काय घडतं ते आपण बघत नाही. बाई शंभर-दोनशे रुपये देते. वहीत नाव लागतं, रक्कम सगळ्यांसमोर वाचली जाते. तिच्या नवऱ्याला, सासूला, दिराला, सगळ्यांना माहीत असतं की हिचे गटात इतके जमलेत. तरी कुणाला हात लावता येत नाही, कारण ठराव झाल्याशिवाय पैसा निघत नाही आणि ठरावाला बाकीच्या बायका लागतात. घरात कुणी तगादा लावला तर तिला नाही म्हणावं लागत नाही. “गट देत नाही” एवढं सांगितलं की पुरतं. आईच्या पैशाचं नेमकं उलट होतं. तो कुणाला माहीत नव्हता, आणि होता मात्र हाताशी. घरात कुणी रडलं की आईच तो काढून द्यायची. पैशाला धोका अण्णांपेक्षा तिच्या मायेकडून जास्त होता. माझंही तसंच होतं.

एक गोष्ट इथंच स्पष्ट सांगते. ज्या घरात नवरा दारूसाठी बायकोच्या कमरेची पिशवी हिसकावतो, मारतो, त्या घरातल्या बाईला मी “सांगून साठव” असं कधीही म्हणणार नाही. तिनं लपवावंच. फक्त डब्यात ठेवू नये. पोस्टात किंवा बँकेत एकटीच्या नावानं खातं काढावं, त्याला मोबाइल नंबर स्वतःचा जोडावा, आणि पासबुक विश्वासाच्या माणसाकडे ठेवावं. मी बोलते आहे ते प्रेमळ, पण हात सैल असलेल्या माणसांच्या घरांबद्दल, आणि आपल्याकडे तीच घरं जास्त आहेत.

एका पाडव्याला जेवणं झाल्यावर मी माझी सगळी पासबुकं ह्यांच्यापुढं ठेवली. पहिला प्रश्न आला तो मला अपेक्षित होता, “एवढी वर्षं माझ्यावर विश्वास नव्हता तुझा?” दुसरा अपेक्षित नव्हता. “म्हणजे दुकानाचे पैसे तुझे होते? आणि मी तुझ्या भावाचे उपकार मानत बसलो.” त्यानंतर चार दिवस घरात फारसं बोलणं झालं नाही. पाचव्या दिवशी ह्यांनीच वही काढली आणि गेल्या दोन वर्षांत पट्टीतून कुणाला काय गेलं ते आठवून लिहायला बसले. मी कधी मागितलं असतं तर तो हिशोब मला मिळाला नसता, याची मला खात्री आहे.

आता आमची रीत अशी आहे. पट्टी आली की आधी कागदावर वजाबाकी होते, मग जे उरेल त्याचे बारा भाग. त्याआधी एक रक्कम ह्यांच्या नावानं बाजूला निघते. ती आहेराला जावो, जत्रेला जावो, मी विचारत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देणाऱ्या माणसाकडून देणं काढून घेतलं तर तो चोरून द्यायला लागतो, आणि मग लपवालपवी दुसऱ्या बाजूनं सुरू होते.

माझी बचत मुख्यतः पीपीएफमध्ये जाते. वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची. हे खातं दोघांच्या नावे उघडताच येत नाही. सातव्या आर्थिक वर्षापासून वर्षातून एकदा ठरावीक भाग काढता येतो. त्याआधी, तिसऱ्या ते सहाव्या वर्षात, फार तर थोडं कर्ज मिळतं. शिल्लक रकमेवर कर्जवसुलीसाठी कोर्टाची जप्ती येत नाही. शेअर बाजारातल्या लोकांना त्याचं व्याज कमी वाटेल. माझ्या घराला व्याजापेक्षा त्या खात्याचा कडकपणा हवा होता. दिराला बोलेरोसाठी पैसे कमी पडले तेव्हा ह्यांनीच त्याला सांगितलं, “वहिनीचे अडकलेत, निघत नाहीत.” पूर्वी ते मला सांगावं लागलं असतं आणि मला ते जमलं नसतं.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या क्रेडिट कार्डावर ६०,००० थकले होते आणि तो दर महिन्याला किमान रक्कम भरून निश्चिंत होता. “आई, सगळेच असं भरतात,” म्हणाला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे २,१००, वर जीएसटी. मी त्याला त्याच्या आजोबांची बोअरची गोष्ट सांगितली. ते शेकडा तीननं काढून लाजेनं मान खाली घालत होते, आणि हा शेकडा साडेतीननं काढून कार्डावर मिळालेले पॉइंट मोजत होता. पूर्वीची मी असते तर गुपचूप सगळे भरून टाकले असते. आता वडिलांसमोर बसवून निम्मे दिले, निम्मे त्यानं कार्ड बंद ठेवून पगारातून फेडले.

त्याचं लग्न झालं तेव्हा आणखी एक काम करून घेतलं. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. विवाहित पुरुषानं बायको-मुलांसाठी म्हणून त्या कायद्याखाली आयुर्विमा घेतला, तर ती रक्कम त्यांचीच. नवऱ्याच्या सावकारांना किंवा बँकांना त्यावर हक्क सांगता येत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच अर्जात नमूद करावं लागतं. लग्नानंतर त्यानं पहिली पॉलिसी घेतली ती अशीच.

एका बाबतीत आमचं अजून जुळत नाही, ती म्हणजे जामीनकी. सरकारी पगार असलेल्या माणसाच्या दारात पतसंस्थेचा फॉर्म घेऊन कुणी ना कुणी येतच असतं. ह्यांच्या शब्दाखातर मी एका नातेवाइकासाठी सही केली होती. त्यानं हप्ते थांबवले आणि कपात माझ्या पगारातून सुरू झाली. पैसे त्यानं वापरले, बैल त्यानं घेतले, पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि वसुलीसाठी आधी त्याच्याकडे जाण्याचं बंधन पतसंस्थेवर नसतं. पगार ठरलेल्या तारखेला होत असल्यानं आधी आपल्यालाच गाठतात. हे अजून म्हणतात, “सहीला नाही म्हटलं तर माणूस तुटतो.” मी म्हणते, हप्ता थकल्यावरही तो तुटलाच, आमच्या घरी तो आता येत नाही.

म्हणून नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना विनंती आहे. दीर असो, भाचा असो, नवऱ्याचा जिवलग मित्र असो, जामीनकीच्या कागदावर सही मागितली तर आधी त्याच्या उत्पन्नाचा आणि आधीच्या कर्जांचा हिशोब मागा. तो सगळ्या घरासमोर वाचा. हिशोब मिळाला नाही तर सही करू नका.