श्रावणातली सागोती

श्रावण लागला की आमच्या मालवणकडच्या घरात मासळीचे मडके माळ्यावर जाई आणि आम्हा पोरांचे चेहरे उतरत. मग पावसाने जरा उघडीप दिली, की एखाद्या सकाळी शेजारची मावशी सागाच्या पानात गुंडाळलेली अळंबी घेऊन दारात उभी राही. बोटाएवढे जाड दांडे नि वाटीएवढ्या छत्र्या! आई म्हणे, "आली बाई श्रावणातली सागोती!" आणि मावशीच्या ओटीत एक नारळ घाली.

त्या अळंबीची बडदास्त मोठी. दांड्यांची माती खरवडायची, हलक्या हाताने धुवायची आणि बोटांनी उभी फाडायची. खोबरे, धणे, मिरी, सुक्या मिरच्या खरपूस भाजून पाट्यावर वाटलेले वाटप, वर दोन कोकमे. शिजताना आई त्यात चांदीचा रुपया टाकी. तो काळा पडला तर अळंबी विषारी, असा तिचा समज. मावशी हसे. "रुपयाक काय कळतला? जाग्याची वळख व्हयी." तिचेच खरे होते. विषारी अळंबीतही चांदी लख्ख राहू शकते. पण ती जागा मावशीने पोटच्या लेकालाही कधी सांगितली नाही.

२०१६ साली मी परसाचे जुने कुंपण काढून चिऱ्यांची भिंत घातली. कोपऱ्यात एक वारूळ होते. सापाच्या भीतीने ते मुळापासून खणून काढले. पुढच्या श्रावणात मावशी आली ती चार घोसाळी घेऊन.

"मावशी, यंदा अळंबी नाही?"

तिने भिंतीकडे पाहिले. "मास्तरांनू, ती तुमच्याच कुंपणातली होती."

मी शाळेत पोरांना विज्ञान शिकवतो! वाळवी वारुळाच्या पोटात चावलेल्या पाल्याची बाग करते, तिच्यावर बुरशी पोसते आणि पावसात त्याच बुरशीची अळंबी माती फोडून वर येते, हे मला भिंत घातल्यावर वाचून कळले. बाजारातली धिंगरी माणूस पेंढ्यावर पिकवतो. ही पिकवावी वाळवीनेच.

आमचेच धन मावशी इतकी वर्षे आम्हाला आणून देत होती, आणि वर नारळ नेत होती! आधी का सांगितले नाही, म्हणून विचारले, तर म्हणाली, सांगितले असते तर पोरांनी कळ्या असतानाच उपटली असती.

मावशी आता नाही. यंदा भिंतीच्या पलीकडे मातीचा एक लहानसा उंचवटा दिसू लागला आहे. घरात मी अजून कुणाला बोललेलो नाही.