सांगायचा भाव

लखनौच्या चौकात गोल दरवाजाकडून अकबरी दरवाजाकडे जाऊ लागले की, भाव ही गोष्ट किती सभ्यपणे हाताळता येते याचा प्रत्यय दुकानागणिक येतो. चिकनच्या कुर्त्याची किंमत विचारावी, तर दुकानदार आधी बसायला सांगतो, कापड उलगडतो, टाक्यांचे बारकावे दाखवतो आणि आकडा अगदी शेवटी, जणू नाइलाजाने उच्चारतो. सांगायचा भाव आणि घ्यायचा भाव यांत अंतर असणार हे उभयतांना ठाऊक असते. त्यात कोणाचीच अप्रतिष्ठा होत नाही. मात्र याच बाजारात लहानाचा मोठा झालेला माणूस स्वतःचे घर विकायला निघाला, की पुष्कळदा पहिल्याच आकड्याशी अडखळतो.

येथील एका निवृत्त शिक्षकाचे असेच झाले. घर आतल्या गल्लीतले, लाखौरी विटांचे. म्हणजे चपट्या, लहानखुऱ्या विटा आणि चुना-सुरखीच्या जाड भिंती. मध्ये अंगण. खाली दोन दुकाने, जुन्या भाडेकरूंकडे. वाटेकरी तीन : स्वतः शिक्षक, धाकटा भाऊ आणि नागपूरला दिलेली थोरली बहीण. एका संध्याकाळी त्यांनी जुनी वही काढून छपराचा, मोरीचा, दोनदा बदललेल्या जिन्याचा खर्च मांडला. त्या बेरजेत, वहीत ज्याची नोंद नव्हती अशी एक रक्कम मिळवली. आईचे आजारपण त्या घरात गेले होते. आकडा तयार झाला. तो ऐकून घर पाहायला आलेली माणसे दुसऱ्यांदा आली नाहीत.

वस्तुतः चौकातला ग्राहक घर पाहतच नाही. तो गल्लीची रुंदी पाहतो, रस्त्याकडची दर्शनी बाजू पाहतो आणि खालची दुकाने कोणाकडे आहेत ते विचारतो. 1972 च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छायेत उत्तर प्रदेशात अशी कितीतरी दुकाने नाममात्र भाड्यावर राहिली. 2021 मध्ये नवा कायदा आला. पण कायदा बदलला म्हणून भाडेकरू उठून जात नाही. राहिली लाखौरी वीट. विकणाऱ्याला ती वारसा वाटते. घेणाऱ्याच्या हिशोबात ती खर्चाच्या बाजूला पडते, कारण ट्रक न शिरणाऱ्या गल्लीतून तिचा राडारोडा हातगाडीने बाहेर काढावा लागतो. तेव्हा जमिनीचा भाव, त्यातून पाडकामाचा खर्च वजा, त्यातून भाडेकरूंचे ओझे वजा, असा हा व्यवहार. अमृतलाल नागरांनी ‘बूँद और समुद्र’ (1956) या कादंबरीत चौकाला साहित्यात अढळ स्थान दिले (गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हिंदीत नेणारेही तेच). पण खरेदीखतात त्यासाठी रकाना नाही.

मग आधार कशाचा घ्यावा? सरकारचा सर्कल रेट हा मुद्रांक शुल्काचा पाया आहे, बाजारभाव नव्हे. तथापि त्याच्या फार खाली उतरताही येत नाही : नोंदलेली किंमत त्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक खाली गेली, तर प्राप्तिकर सरकारी किमतीवरच मोजला जातो. शिवाय जुन्या वडिलार्जित घराची 1 एप्रिल 2001 रोजीची किंमतही करासाठी काढून घ्यावी लागते. म्हणजे माणसाने आजचा भाव विचारायला जावे आणि मूल्यांकन करणाऱ्याने त्याच्या हाती कधीच्या काळचाही भाव ठेवावा.

चौकाला किंमत ठरवण्याचा अधिकार गमावणे नवे नाही. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी या शहराच्या दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. आड आलेल्या घरांच्या धन्यांना आपला आकडा सांगण्याची सोय नव्हती. फाळणीनंतर निर्वासित झालेल्यांची घरे सरकारी ताब्यात गेली. अतिया हुसैन यांच्या ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ (1961) या कादंबरीत लखनौमधल्या अशाच एका घराचा शेवट आहे. त्या मानाने, चुकीचा का होईना, आपला आकडा आपल्या तोंडाने सांगता येणे हे भाग्यच.

शिक्षकांची खरी अडचण निराळी होती. भाव उतरवला तर भावंडांना काय वाटेल? चढा भाव ग्राहकाला पळवतो, पण उतरता भाव घरात संशय आणतो. आणि हा दुसरा तोटा कोणत्याही वहीत भरून निघत नाही. अखेर त्यांनी मूल्यांकन करून घेतले, इमारतीसह एक आणि नुसत्या जमिनीचा एक असे दोन्ही आकडे नागपूरला कळवले. रात्री फोन आला.

“भैया, हा दुसरा आकडा इतका कमी कसा?”

“जिज्जी, त्यात भिंती नाहीत.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आईचे औषधपाणी तू केलेस. ते आधी काढून घे, मग तीन वाटे कर. ग्राहकाकडून ते मागू नकोस.”

त्यांनी तिघांना मान्य होईल असा, ज्याखाली जायचे नाही तो आकडा आधी निश्चित केला आणि त्यावर थोडीच भर घालून सांगायचा भाव ठरवला. कुर्त्याचा भाव दुप्पट सांगून चालते, कारण उद्या दुसरे गिऱ्हाईक येते. घर फार दिवस विक्रीला राहिले, की त्याच्यात काहीतरी खोट आहे असे गल्ली बोलू लागते.

पुढच्या रविवारी एक जण आला. त्याने आकडा ऐकला, मान हलवली नाही की नकार दिला नाही. फक्त गल्लीची रुंदी विचारली. शिक्षकांनी फडताळातून टेप काढला आणि दोघे मोजायला खाली उतरले.